तेलाची चिंदी

१

सुकन्याच्या लोखंडी पेटीतून काडतूस निघालं तेव्हा हॉलमध्ये बेचाळीस पोरंपोरी ओळीत उभी होती, आणि त्यांतल्या निम्म्यांचं लक्ष टेबलावरच्या पेढ्यांच्या खोक्याकडे होतं.

डाळजच्या त्या भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रात एक रिवाज होता. ज्याची सैन्यात किंवा पोलिसांत निवड होई, त्याची पेटी तो निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर उघडायची. यादी वाचायची, एकेक वस्तू वर धरून दाखवायची, आणि शेवटी पेढे. संचालक विजयसिंह सर जुने कबड्डीपटू. त्यांचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाई. त्या शुक्रवारी सकाळी ते रंगात आले होते.

“मोजे, तीन जोड!”

सुकन्याने दोन जोड वर करून दाखवले. तिसरा उचलला आणि त्यातून काहीतरी निसटून फरशीवर टणकन आपटलं. घरंगळत ते सरांच्या बुटाला जाऊन टेकलं. पितळी, बोटभर लांब, टोकाशी निमुळतं.

“डमी आसंल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“डमीला बाजूनं खाचा असतात,” सुकन्याची खोलीतली मैत्रीण प्रतिक्षा हळूच म्हणाली. “आबांनी तासाला दाखवल्यात. हिला न्हायत.”

विजयसिंह सर दोन पावलं मागे सरले. “कुठनं आणलंस हे?”

“सर, माझं न्हाय ते.”

“तुझं न्हाय, मग काय मोज्यात पिकलं?”

कुणी हसलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांना बारामतीकडच्या एका मैदानावर नेमबाजीचा सराव बघायला नेलं होतं. सरांना तेच आठवलं. “तिथनंच उचललं असणार. अनिमेष, बघ रे. इन्सास रायफलीचीच हाय ना ही गोळी?”

अनिमेष केंद्राचा मुख्य प्रशिक्षक. तेहतीस वर्षांचा, मोरगावचा. रायफलींमधलं त्याच्याइतकं तिथे कुणालाच कळत नसे. त्याने काडतूस उचललं, उजेडाकडे धरलं आणि टेबलावर ठेवलं.

“मैदानावर इन्सासच होत्या सर,” तो म्हणाला.

सुकन्या कऱ्हाटीची. लष्कराच्या पोलीस दलात तिची निवड झाली होती आणि सोमवारी तिला बेंगळुरूला हजर व्हायचं होतं. तीन वर्षं ती कालव्याच्या कडेने पहाटे धावली होती. जिवंत काडतुसाच्या तक्रारीत नाव गेलं तर चारित्र्याचा दाखला अडकणार, सोमवार हुकणार, आणि तिची जागा राखीव यादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार. पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं.

“संध्याकाळी पाचला मी ठाण्यात फोन करणार,” सर म्हणाले. “तवर कुणाला काय कबूल करायचं असंल तर करा.”

पेढ्यांचं खोकं तसंच राहिलं.

२

शुक्रवारी दहा वाजता आबांचा तास असे.

सुभेदार संघपाल अहिवळे यांना लष्करातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ते आर्मरर होते, म्हणजे फौजेच्या रायफली दुरुस्त करणारे. आता भिगवणहून स्कूटरवर येऊन ते पोरांना फुकट शिकवत. सगळी त्यांना आबा म्हणत. हत्याराची भीती असावी, पण अडाणी भीती नसावी, असं त्यांचं मत होतं.

सगळा प्रकार त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग रुमालाने ते काडतूस उचललं, पिशवीतून इन्सासचं एक डमी काडतूस काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी उभी केली.

“सर, ह्या दोघी तुमाला बहिणी वाटतात का?”

“ही थोरली दिसती,” सर म्हणाले.

“बहीणच न्हाय ती. दुसऱ्या घरची हाय. पोरांनो, जवळ या. हात लावू नका, नुसतं बघा.”

पोरं सरकली. आबांनी बोट टेकवलं.

“ही लांब हाय ना, ती जुन्या एसएलआर रायफलीची. गोळीची जाडी सात पूर्णांक बासष्ट मिलिमीटर, आणि ही जी पितळेची पुंगळी, ज्यात दारू असते, ती एक्कावन्न मिलिमीटर लांब. दणका मोठा, मारा लांबचा. पण असल्या शंभर गोळ्या पाठीवर घेतल्या तर अडीच किलोचं वजन. मग लोकांनी बघितलं की बहुतेक लढाया दोनशे-तीनशे मीटरच्या आतच होतात. तितं एवढा दणका कशाला? म्हणून इन्सासला ही बारीक गोळी दिली, पाच पूर्णांक छप्पन्नची. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या, आणि खांद्याला झटका कमी. आता डोंगरातनं लांबचं मारायचं म्हणून मोठी गोळी परत यायला लागलीय. सगळ्यांत चांगली गोळी कुठलीच नसते. काय सोडून द्यायचं ते आधी ठरवावं लागतं, मग त्या गोळीभोवती रायफल बांधतात.”

“आबा, म्हंजे ही इन्सासमधनं उडणार न्हाय?” प्रतिक्षाने विचारलं.

“उडायची गोष्ट सोड. नळीत शिरायचीसुद्धा न्हाय. मैदानावर इन्सासच होत्या ना? मग ही गोळी मैदानावरनं आलेली न्हाय.”

हॉलमध्ये हलकीशी कुजबुज झाली. सुकन्याने पहिल्यांदा मान वर केली.

“मग आली कुठनं?” सरांनी विचारलं.

आबांनी काडतूस उलटं करून बुडाशी पाहिलं. बुडाच्या मधोमध तांब्याची छोटी टिकली असते. रायफलीची पिन तिच्यावर आपटली की आतली दारू पेटते. या टिकलीवर एक ठोका होता. उथळ, किंचित डावीकडे सरकलेला. पिन आपटली होती, पण जोर कमी पडला होता. गोळी उडाली नव्हती.

आबांनी काडतूस रुमालात गुंडाळून सरांच्या टेबलाच्या खणात ठेवलं.

“सर, मी घरी जाऊन येतो. मी येईस्तोवर कुणाला कळवू नका.”

“काय झालं आबा?” प्रतिक्षा म्हणाली.

“काय न्हाय. चष्मा विसरलो.”

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. स्कूटर सुरू करायला त्यांना चार किका माराव्या लागल्या. तो ठोका ते एकतीस वर्षं पाहत आले होते. ती गोळी त्यांचीच होती.

३

भिगवणच्या घरात बाहेरच्या खोलीत तीन लाकडी रायफली टांगलेल्या होत्या. शिकवण्यासाठी आबांनी स्वतः घडवलेल्या. एसएलआर, एके-४७ आणि इन्सास. आतल्या खुब्यासुद्धा त्यांनी खऱ्यासारख्या केल्या होत्या. एसएलआरच्या दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकतो त्या भागात, मागे ढकलणारी स्प्रिंग असते. म्हणून त्यांच्या लाकडी एसएलआरच्या दस्त्यातही स्प्रिंग होती, आणि तिथे दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. एकेची स्प्रिंग मात्र पुढे, मधल्या पेटीत असते. दस्ता मोकळा. त्यात साफसफाईचं सामान ठेवतात आणि मागे छोटं झाकण असतं. लपवायची वस्तू असली तर तिथेच लपवावी लागणार.

आबांनी एके खाली घेतली आणि झाकण दाबलं. एरवी ते अडायचं, अंगठा दुखायचा. आज अलगद उघडलं. आतल्या स्प्रिंगने बाहेर फेकली ती फ्लॅनेलच्या कापडाची घट्ट सुरळी.

गोळी नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी जंगलातल्या एका चकमकीत त्यांच्या मित्राने, ज्ञानूने, घोडा दाबला आणि रायफल नुसती ‘खट्’ वाजली. दुसरी गोळी नळीत चढेपर्यंत ज्ञानूच्या मांडीत समोरची गोळी शिरली होती. त्या रायफलीची पिन आदल्या आठवड्यात संघपालांनी बसवलेली होती. अर्धा मिलिमीटर आखूड. ज्ञानू वाचला, लंगडत घरी गेला आणि मरेपर्यंत चेष्टा करत राहिला, “संघपाल, तुझ्या पिनीला माझा लई कळवळा. आवाजच केला न्हाय तिनं.” त्याला खरंच राग नव्हता. संघपालांना होता, स्वतःचा.

न उडालेली ती गोळी त्यांनी खिशात घातली आणि मोजदादीला विचारलं तेव्हा ‘उडाली’ म्हणून सांगितलं. पोरांना ते ही गोष्ट दर वर्षी सांगत, कामात हयगय केली की काय होतं ते कळावं म्हणून. गोष्टीचा शेवट मात्र ‘मग ती गोळी जमा केली’ असा करत. आतली दारू काढून टाकली असती तर नुसतं पितळ उरलं असतं. तेही त्यांनी केलं नाही. का, ते त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

परवान्याशिवाय जिवंत काडतूस घरात ठेवणं हा गुन्हा आहे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेल्या रविवारी सुकन्याच्या निवडीचं जेवण त्यांनी घरी केलं होतं. चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी. चार माणसं आली होती. सुकन्या, प्रतिक्षा, विजयसिंह सर आणि अनिमेष. आबा चुलीपाशी असताना सगळ्यांनी रायफली काढून पाहिल्या होत्या. तेल आणि फ्लॅनेल तिथेच फळीवर असे. सुकन्या स्वतःच्या पेटीत गोळी ठेवणार नाही. उरले तिघं.

आबांनी सुरळी उलगडून टेबलावर पसरली. कापडाला तेलाचा वास होता. कडा कात्रीने कापलेल्या नव्हत्या, धाग्याच्या ओळीने सरळ फाडलेल्या होत्या. त्यांनी फूटपट्टी लावली. लांबी चार इंच. रुंदी दीड इंच.

पट्टी त्यांनी पुन्हा लावली. माप तेच आलं. मग ते खुर्चीत बसले, ते बराच वेळ उठले नाहीत.

४

दुपारी एक वाजता आबा केंद्रात परतले. सरांच्या खोलीत त्यांनी टेबलावर फ्लॅनेलचा एक तुकडा आणि कात्री ठेवली आणि एकेकाला आत बोलावलं.

पहिले विजयसिंह सर.

“तुमचं आणि पोरीचं वाजलं होतं म्हणं?”

“वाजलं म्हंजे काय, आबा! हायवेला फ्लेक्स लावायचा होता. तिचा फोटो, शेजारी माझा. ती म्हणती, तुमचा फोटो कशाला, धावले मी. आता तुमीच सांगा.”

“धावली तर तीच.”

सर ओशाळून हसले. “राग आला होता. पण असलं कोण करंल? हे बाहेर गेलं तर उद्या कोण पोरगी पाठवंल हितं?”

“बरं. एअर रायफलीची नळी पुसायचीय. ह्यातनं एक चिंदी करून द्या.”

सरांनी कात्री घेतली आणि हातरुमालाएवढा तुकडा कापला.

“एवढ्यात म्हैस पुसून निघंल, सर,” आबा म्हणाले. “जा तुमी.”

मग प्रतिक्षा आली. तिचे डोळे सुजले होते. “आबा, समदी माझ्याकडं बघायला लागलीत. आमची भांडणं झाली हुती, खरं हाय. ती पास झाली, मी धावण्यात गेले. तिला बोलले, तुझं नशीब. लई लागलं तिला. पण मी आसं करंन का?”

“पेटीला कुलूप होतं?”

“कालपास्नं उघडीच हाय. सामान भरणं चाललंय. हॉलमधनं कुणीबी जाता-येता हात घालावा.”

“सकाळी सरांनी अनिमेषला विचारलं, तेव्हा तो काय बोलला?”

“‘मैदानावर इन्सासच होत्या’ म्हणले दादा. तेवढंच.”

“आणि ही गेली न्हाय तर कुणाचं नाव लागतं?”

“वैष्णवीचं. अनिमेषदादाची बहीण. पाय मुरगळला म्हणून आठवडा झाला मोरगावला घरीच हाय ती. तिलाबी पुढच्या येळंला वय बसत न्हाय.”

आबांनी कात्री पुढे केली. प्रतिक्षाने विचार न करता नखाएवढा चौकोन कापून दिला. केंद्रातल्या एअर रायफलीला तेवढाच लागतो.

शेवटी सुकन्या आली. तिनेही तसाच चौकोन कापला आणि तो टेबलावर ठेवत म्हणाली, “आबा, गोळी कुणाची ते तुमाला कळलंय.”

“कशावरनं?”

“तुमी सकाळपास्नं माझ्याकडं बघितलं न्हाय.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. “कळलंय.”

“मग सांगा की. माझी रविवारी दुपारची गाडी हाय.”

“तुझी गाडी चुकणार न्हाय. अनिमेषला आत पाठव.”

५

अनिमेष आला आणि उभाच राहिला.

“बस. एक चिंदी कर.”

अनिमेषने फडक्याकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं. हात मांडीवरच राहिले.

“का रे? पुसायची सवय मोडली?”

“आबा, काय म्हणायचंय ते सरळ म्हणा.”

आबांनी खिशातून ती सुरळी काढली आणि त्याच्यासमोर उलगडली. “चार बाय दीड. बाहेरच्या पोरांना हे माप माहीतच न्हाय. ती एअर रायफलीवर शिकली. तिची नळी साडेचार मिलिमीटर, चिंदी नखाएवढी. मोठ्या रायफलीला पुसायची कोरडी चिंदी चार बाय दोन लागते. तेलाची चार बाय दीड, कारण तेल पिऊन कापड फुगतं. कात्री लावायची न्हाय, धाग्यानं फाडायची, म्हणजे दोरा नळीत राहत न्हाय. हे मी एकाच पोराला शिकवलंय. तू आठवीत होतास. तेव्हा केंद्र नव्हतं, एअर रायफल नव्हती. मी होतो, माझी लाकडी एसएलआर होती आणि तू होतास.”

अनिमेषने सुरळीचं टोक बोटाने सरळ केलं.

“झाकण घट्ट होतं. तू त्याला तेल दिलंस. चोरी करताना, अनिमेष. गोळी काढल्यावर जागा मोकळी ठेवायला पण तुझा हात धजला न्हाय. आत स्प्रिंग वाजली असती.”

“खुळखुळणारी रायफल धन्याला मारती,” अनिमेष खालमानेने म्हणाला. “तुमीच सांगायचा.”

“आणि सकाळी सरांनी विचारलं, गोळी कुठली. तू डोळे बांधून तिन्ही रायफलींच्या गोळ्या ओळखतोस. तरी गोळीचं काही बोलला न्हाईस, मैदानाचं बोललास. खोटं न बोलता खोट्याला जागा करून दिलीस.”

बाहेर व्हॉलीबॉलचा आवाज येत होता. तो थांबला.

“वैष्णवीनं चार वर्षं मरमर केली, आबा,” अनिमेष म्हणाला. “अर्ध्या मार्कानं राहिली. मला तर दोन्ही येळंला मेडिकलमधनं काढला. आमच्या घरातनं कुणीच जायचं न्हाय का? आणि सुकन्याचं काय वाईट व्हणार नव्हतं. चार दिवस चौकशी झाली असती, सोमवार टळला असता, मग काय न निघता ती सुटली असती.”

“तिचं वय संपलं असतं.”

“वैष्णवीचंबी संपतंय.”

“तिला ठाऊक हाय हे?”

“न्हाय. तिला कळलं तर ती माझ्या तोंडावर थुंकंल.”

पुढचा प्रश्न आबांना विचारायचा नव्हता. “मी गोळी ओळखणार, हे तुला माहीत होतं.”

“व्हय.”

“मग?”

अनिमेषने वर पाहिलं. “झाकण उघडलं, बुडाचा ठोका बघितला, तवाच कळलं मला. ज्ञानूकाकांची गोळी. लहानपणापास्नं ऐकतोय. ‘मग ती गोळी जमा केली’ म्हणायचा तुमी. मला वाटलं, तुमी ओळखाल आणि गप बसाल. माझी हाय म्हणून सांगितलं तर तुमच्याच हातात बेड्या. एकतीस वर्षं गप बसलेला माणूस आणखी चार दिवस बसंल.”

आबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. पोराने त्यांची वस्तू चोरली होती, हे त्यांना भिगवणलाच कळलं होतं. त्याने त्यांचा भ्याडपणा धरूनच बेत आखला होता, हे आत्ता कळलं. आणि हिशेब फार चुकीचा नव्हता. भिगवणच्या खुर्चीत अर्धा तास ते गप बसण्याचाच विचार करत होते.

“साडेचारला मी ठाण्यात जातो,” ते उठत म्हणाले. “गोळी माझी, एवढं मी सांगणार. तू काय केलंस ते तू येऊन सांग. माझ्या तोंडून निघायच्या आत तुझ्या तोंडून निघालं तर बरं. सहा वाजेपर्यंत मी नाव घेणार न्हाय.”

६

ठाण्यात सहायक निरीक्षक ज्योत्स्ना साबळे होत्या. आबांनी रुमाल उघडून काडतूस टेबलावर ठेवलं आणि सुरुवातीपासून सांगितलं. पिन, ज्ञानू, ‘उडाली’ म्हणून सांगितलेलं खोटं, लाकडी एके. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

“सुभेदार, तुमच्यावर गुन्हा दाखल होईल,” त्या म्हणाल्या. “वय आणि तुमची नोकरी बघून कोर्ट काय ते ठरवेल. पण मला तो करावाच लागेल.”

“करा. त्या पोरीचं काय?”

“तुमच्या घरून चोरीला गेलेली वस्तू तिच्या पेटीत दुसऱ्याने टाकली. ती आरोपी नाही. आज तिचा जबाब घेते, रविवारी जाऊ दे तिला. दाखल्यावर काही येणार नाही, ते मी बघते.”

सुकन्या विजयसिंह सरांबरोबर आली. जबाब देताना तिचा आवाज एकदाच अडखळला, गोळी आबांची होती हे ऐकल्यावर. जाताना ती त्यांच्यापाशी थांबली. पाया पडावं की नाही हे तिला ठरवता येईना.

“तुमी सकाळीच का न्हाय सांगितलं, आबा? समद्यांसमोर?”

“भ्यालो,” आबा म्हणाले.

तिने मान हलवली. वाकली मात्र नाही. सरांच्या गाडीत जाऊन बसली.

साडेपाच वाजले. आबा बाकावरून फाटकाकडे बघत होते. एक मोटारसायकल आत वळली तसे ते अर्धवट उठले. पोस्टाचा माणूस होता. पावणेसहाला विजयसिंह सरांचा फोन आला.

“आबा, अनिमेष खोलीत न्हाय. बॅग घेऊन गेला म्हणं. पोरांनी त्याला पुण्याच्या एसटीत चढताना बघितलं. काय झालंय काय?”

“सांगतो नंतर,” आबा म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

सहा वाजायला अजून पंधरा मिनिटं होती. तीही त्यांनी त्याला दिली. मग उठून ते टेबलापाशी गेले.

“कोणी ठेवली गोळी?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

आबांनी पूर्ण नाव सांगितलं.

“वय?”

“तेहतीस.”

“राहणार?”

“मोरगाव.”

“कधीपासून ओळखता?”

“आठवीत होता, तेव्हापासून.”

“नातं काय तुमचं?”

आबांनी पुन्हा एकदा फाटकाकडे पाहिलं. “मी शिकवलंय त्याला,” ते म्हणाले. “जे येतं ते सगळं मीच शिकवलंय.”

“ते नात्यात येत नाही हो, सुभेदार.”

“न्हाय येत,” आबा म्हणाले, आणि सही करायला त्यांनी पेन मागून घेतलं.